बसले पंख कायले?

"सर, बसले पंख कायले लावले जी?"

मी भंडाऱ्यात चित्रकला शिकवतो. वर्गात मोबाइलवर एक फोटो दाखवला, तर मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. फोटो होता सुदर्शन शेट्टी यांच्या 'फ्लाइंग बस'चा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेकर मॅक्सिटीच्या आवारात २०१२ साली त्यांनी ही डबलडेकर उभी केली. दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलचे थोरले पंख.

आपल्याला शिल्प म्हणजे पुतळा. चौथरा, खाली नाव, भोवती कठडा, जयंतीला हार. हा पुतळा एका चौकातून दुसऱ्या चौकात नेला तरी माणूस तोच राहतो. या बससारख्या मांडणशिल्पाचं तसं नाही. शिल्पकार आधी जागा बघतो. तिथून कोण जातं, कशानं जातं, काय विसरून जातं. आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, थंडीत रात्रभर नाटक चालतं. तेच नाटक नागपूरच्या वातानुकूलित सभागृहात बघा. संवाद तेच, पण नाटक ते नव्हे.

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट हे मुंबईच्या पोरांचं स्वप्न. शेट्टींनी ती बस काचेच्या कचेऱ्यांच्या गराड्यात आणली. ती आमच्या गांधी चौकात ठेवली तर? लग्नाची सजावट वाटेल. इथं लालपरी धावते, डबलडेकरची आठवण कुणाला असणार? पुढं १५ सप्टेंबर २०२३ ला 'बेस्ट'ची जुनी डिझेल डबलडेकर रस्त्यावरून कायमची गेली. शिल्पाचा एक खिळाही न हलता त्याचा अर्थ हलला.

जागेचा हा हट्ट अंगाशीही येतो. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारानं १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत उभी केली, 'टिल्टेड आर्क'. चौकाच्या मधोमध. तिथले कर्मचारी वैतागले. चौक ओलांडायचा तर वळसा. तक्रारी झाल्या, १९८५ मध्ये सुनावणी झाली. भिंत दुसरीकडे हलवा म्हटलं, तर सेराचं म्हणणं असं की हलवणं म्हणजे मोडणंच. १९८९ मध्ये ती कापून नेली. सेराचा मुद्दा मला पटतो. पण रोज सकाळी पंच मशीन गाठायला धावणारा कारकून मी असतो, तर मीही तक्रारीवर सही केली असती.

मग मुलांना काम दिलं: भंडाऱ्यासाठी एक मांडणशिल्प सुचवा. बहुतेकांनी खांब तलावात कमळ काढलं. प्रश्न विचारणाऱ्या पोरानं मात्र एका गल्लीचा नकाशा आणला. त्याचे आजोबा पितळेची भांडी ठोकायचे. आता घरात ते काम कुणी करत नाही. नकाशात गल्लीवर आडव्या तारा, तारांना उलटे टांगलेले पितळी गुंड. पाऊस पडला की वाजतील.

मी म्हटलं, "तलावावर टांगू की, मोठी जागा आहे."

"नाही जी. ठोक्याचा आवाज गल्लीतच येत होता."

मी गप्प झालो. वही मिटता मिटता तोच म्हणाला, "पण सर, चोरी जातील ना जी. पितळ केवढ्याले झालं, मालूम आहे का?"