बारामधले दहा कुठे गेले?

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी पाच वर्षांची नात पडवीत पणत्या मांडून मोजत होती. एक ते दहा तिनं ठसक्यात म्हटलं. अकरा, बारा, तेरा, चौदा इथपर्यंत बोट आणि तोंड बरोबर चाललं. पुढच्या पणतीला मात्र ती 'सोळा' म्हणाली, त्यापुढच्या पणतीला 'अठरा' आणि शेवटच्या पणतीवर बोट टेकवून तिनं जाहीर केलं, "आजी, वीस झाल्या!" पणत्या होत्या सतरा. पुन्हा मोजायला सांगितलं, तर या खेपेला एकोणीस भरल्या. त्याच पणत्या मघाशी वीस होत्या आणि आता एकोणीस आहेत, यात तिला काही वावगं वाटलं नाही.

बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांवर माझी तीसेक वर्षं गेली. मुलं अडखळतात ती याच वळणावर, दहा ओलांडल्याबरोबर. पालक येऊन सांगतात, "बाई, शंभरपर्यंत येतं हो, फक्त मधेच चुकतो." ते 'मधेच' म्हणजे बहुतेक वेळा अकरा ते एकोणीस. या नऊ संख्यांकडे आपण फार घाईनं पाहतो. एक ते दहा शिकवायला महिने देतो, आणि पुढचे नऊ आकडे आठवड्यात पाठ करून घेतो. खरं तर दशमान पद्धतीचं दार याच नऊ संख्यांत उघडतं.

मोठ्यांना हे आकडे अवघड वाटत नाहीत, कारण ते आपल्या भाषेत मुरलेले आहेत. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी ही दिवाळीच्या दिवसांची नावं म्हणजे बारा, तेरा, चौदा. बारा बलुतेदार, चौदा विद्या, पंधरवडा, सोळा सोमवार, ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय हे सगळं आपण न मोजता बोलतो. मुलाला मात्र 'पंधरा' हा एक नवाकोरा आवाज असतो. त्यात पाच आहेत आणि दहा आहेत, हे त्याला कुठूनच ऐकू येत नाही.

का येत नाही, ते शब्दांच्या घडणीत दिसतं. संस्कृतातलं 'द्वादश' म्हणजे दोन आणि दहा. प्राकृतात त्या 'दश'चं 'दह' झालं, 'रह' झालं, आणि मराठीत येता येता नुसता 'रा' उरला. अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा यांच्या शेवटी जो 'रा' आहे, तो म्हणजे झिजून झिजून उरलेले दहा. 'चतुर्दश'मधला 'द' जोडाक्षरामुळे टिकला, म्हणून चौदा झाले. 'षोडश'मधल्या 'ड'चा 'ळ' होऊन सोळा झाले. सुरुवातीचा भागही झिजला आहे. 'बा' म्हणजे दोन आणि 'ते' म्हणजे तीन, हे आज कोणत्या मुलाला सांगून कळेल?

एकोणीसची तऱ्हा तर अगदीच वेगळी. 'ऊन' म्हणजे कमी. 'एकोन' म्हणजे एकानं कमी. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. या नऊ संख्यांत हे एकच नाव असं आहे की ज्यात दहाचाही पत्ता नाही आणि नऊचाही. कानावर पडतो तो 'वीस'चा शेवट, आणि लिहायचे असतात एक आणि नऊ. मराठीनं ही वजाबाकी पुढेही चालवली आहे: एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. नव्व्याण्णव मात्र 'एकोणशंभर' होत नाही. ज्या मुलाला एकोणीसचा अर्थ नीट कळला, त्याच्या हाती पुढच्या सात संख्यांची किल्ली येते. म्हणून मी वर्गात एकोणीसला नेहमी एक अख्खा दिवस देत असे.

हे अडखळणं आपल्याच मुलांचं नाही. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन आणि अमेरिकेतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं मोजणं तपासून १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहापर्यंत दोन्हीकडची मुलं सारखीच चालतात आणि दहानंतर अमेरिकन मुलं मागे पडू लागतात, असं त्यात दिसलं. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात, बाराला 'दहा-दोन'. इंग्रजीत 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह'मध्ये दहा ऐकूच येत नाहीत. चिनी मुलं हुशार आणि अमेरिकन मुलं मठ्ठ असा याचा अर्थ नाही. चिनी भाषेनं दहा लपवलेले नाहीत, एवढंच. इतक्या लांब कशाला, आपल्या शेजारची कानडी पाहा. 'हत्तु' म्हणजे दहा, 'मूरु' म्हणजे तीन आणि 'हदिमूरु' म्हणजे तेरा. दहा आधी, तीन मागून. जत किंवा अक्कलकोटकडच्या ज्या मुलांच्या घरी कानडी आणि शाळेत मराठी आहे, त्यांना शिक्षकांनी हे शब्द मोठ्यानं म्हणायला लावावेत. घरची भाषा तिथे आयती मदतीला येते.

आता लिहिण्याकडे येते, कारण खरी रडारड तिथे होते. 'तेरा' म्हटल्यावर मूल ३१ लिहितं. आई म्हणते, "अरे, उलटं लिहिलंस!" पण मूल आपल्या कानाशी प्रामाणिक असतं. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर; लिहिताना मात्र दशक डावीकडे, म्हणजे आधी येतो. आपल्याकडच्या जुन्या गणितींचा दंडकच असा होता की अंकांची चाल डावीकडे. ते संख्या शब्दांत सांगताना एककापासून सुरुवात करत. ती बोलण्याची रीत आपल्या जिभेवर राहिली, आणि पाटीवरचा हात मात्र डावीकडून उजवीकडे धावतो. ३१ लिहिणारं मूल ऐकलेल्या क्रमानं लिहितं. तेव्हा त्याला 'चुकलं' म्हणू नये. "तेरामध्ये किती दहा आहेत? ते आधी लिही," एवढंच म्हणावं.

दुसरी अडचण अंकांच्या वळणाची. देवनागरी ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. १ आणि ९ हेही तसेच. त्यामुळे १३ आणि १६, ११ आणि १९ यांत मुलं सर्रास घोटाळा करतात. यात आळस किंवा दुर्लक्ष नसतं. कपाचा कान उजवीकडे असो वा डावीकडे, कप तो कपच, हे मूल जन्मल्यापासून शिकत आलेलं असतं. तोंड फिरवलं की वस्तू बदलते, असा अनुभव त्याला अक्षरं आणि अंक शिकतानाच पहिल्यांदा येतो. पाच-सहा वर्षांची बरीच मुलं अंक उलटे काढतात आणि बहुतेकांचं ते सरावानं आपोआप सुटतं. आपले पूर्वज धूळपाटीवर बोटानं गिरवत. आज ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरून तेच करता येतं. हात मोठ्या वळणानं फिरला की दिशा लक्षात राहते. दुरेघी वहीच्या इवल्या ओळीत ते होत नाही.

पण वळण सुधारलं, क्रम सुधारला, तरी एक गोष्ट राहतेच, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांच्या गणिताबद्दल लिहिताना एक साधा प्रयोग वापरला आहे. तो मी चिंचोके घेऊन वर्गात कितीदा तरी केला. मुलापुढे सोळा चिंचोके ठेवायचे. ते मोजून त्यानं कागदावर १६ लिहायचं. मग ६ वर बोट ठेवून विचारायचं, "हे म्हणजे यातले किती चिंचोके, दाखव." मूल सहा बाजूला काढतं. मग १ वर बोट ठेवायचं. मूल एक चिंचोका उचलतं. खाली नऊ चिंचोके तसेच पडून असतात. "मग हे कुठले?" असं विचारलं तर मूल गप्प राहतं किंवा म्हणतं, "हे उरलेत." ही मुलं शंभरपर्यंत न अडखळता म्हणणारी होती, १६ सुरेख वळणात लिहिणारी होती. त्यांना आकडा येत होता, पण त्या आकड्यातले दहा त्यांच्या हाती कधी आलेच नव्हते. हीच मुलं पुढे हातच्याच्या बेरजेत चुकतात, आणि आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

तेव्हा दहा हातात द्यावे लागतात. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, पण त्यांच्या पद्धतीचं साहित्य त्याआधीच आपल्याकडे पोचलं होतं. त्यातल्या एका लाकडी फळीवर ओळीनं नऊ वेळा १० लिहिलेलं असतं. १ ते ९ अंकांच्या पट्ट्या मूल एकेक करून त्या शून्यावर सरकवतं. शून्य झाकलं जातं, एक तसाच राहतो, आणि ११, १२, १३ तयार होतात. शेजारी दहा मण्यांची एक ओवलेली कांडी आणि सुटे मणी. एडुआर सेगँ यांच्या नावानं ओळखली जाणारी ही फळी मला आजही या विषयावरचं सर्वांत बुद्धिमान साधन वाटते. झाकलेलं शून्य हलकेच वर करून पाहिलं की दहा तिथेच असतात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं. महागडं साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडणारं नाही हे ओळखून त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं यांतून बालशिक्षण उभं केलं. ती वाट आजही खुली आहे. खराट्याच्या दहा काड्या घेऊन रबर लावला की गठ्ठा झाला. गठ्ठा मुलानं स्वतः बांधला पाहिजे, हे मात्र मी ठासून सांगेन. बाईंनी आदल्या रात्री बांधून आणलेला गठ्ठा मुलाला एक वस्तू वाटतो. स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. शंका आली तर त्यानं तो सोडावा, मोजावा, पुन्हा बांधावा. दहा-बारा वेळा गठ्ठा सोडणारं मूल एक दिवस सोडायचं थांबतं. तो दिवस शिक्षकानं ओळखायचा असतो.

त्यानंतर पुठ्ठ्याचे दोन तुकडे. रुंद तुकड्यावर १०, अरुंद तुकड्यावर ३. अरुंद तुकडा शून्यावर ठेवला की १३. सोबत तोंडानं म्हणायचं, "दहा आणि तीन, तेरा." हे म्हणणं काही महिने चालू द्यावं. व्यवहारात 'तेरा' हाच शब्द आहे, तो मुलाला यायलाच हवा. पण त्याच्या आधी 'दहा आणि तीन' हा आधार द्यायला काय हरकत आहे?

हा प्रश्न निरुपद्रवी नाही, हे २०१९ मध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्यांसाठी 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन जुन्या नावांच्या जोडीनं दिलं, आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद पेटला. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांच्या आणि उलट क्रमाच्या अडचणी समजावून सांगितल्या. नॉर्वेनं १९५१ मध्ये असाच बदल केला, 'तीन आणि वीस'ऐवजी 'वीस-तीन'. पण जुनी रीत तिथे आजही ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे. 'त्रेसष्ट' आणि 'एकोणऐंशी' हे आपलं धन आहे, ते टाकू नये; पण मुलाला त्या शब्दांपर्यंत नेणारी शिडी म्हणून 'साठ तीन' ठेवावं. शिडीला विरोध करणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलासमोर बसून एकदा तरी त्याला 'त्रेसष्ट' लिहायला सांगावं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं दुखणं थोडं निराळं. तिथे 'फोर्टीन'मध्ये चार आधी येतात, पण 'ट्वेंटी-फोर'मध्ये वीस आधी; म्हणजे उलटा क्रम फक्त एकोणीसपर्यंत. शिवाय 'थर्टीन' आणि 'थर्टी' कानाला सारखेच. वर घरी आजी 'चोवीस' म्हणते. या मुलांवर दोन भाषांची नावं एकाच आठवड्यात लादू नयेत. आधी एका भाषेत दहाचा गठ्ठा पक्का होऊ द्यावा. दुसऱ्या भाषेतलं नाव मग सहज चिकटतं.

दिवाळीच्या सुटीत मुलं घरी आहेत. वेगळा अभ्यास घेऊ नका. पणत्या त्यांना मांडू द्या. दहा पणत्या त्यांच्याच हातानं एका तबकात ठेवायला सांगा, उरलेल्या बाहेर राहू द्या, आणि विचारा, "सगळ्या मिळून किती?" सुरुवातीला मूल तबकातली पहिली पणती धरून एकपासून मोजेल. मोजू द्या, अडवू नका, रोज संध्याकाळी विचारत राहा. ज्या दिवशी ते तबकाला हात न लावता, "दहा... अकरा, बारा, तेरा" असं पुढे मोजेल, त्या दिवशी त्याच्यापुढे पाटी ठेवा आणि म्हणा, "आता लिही."