छायाचित्रावरून मोजमाप : भिंग कोणतें घ्यावें ?

सन १८५८ मध्यें जर्मनींतील वेट्झलर येथील कॅथीड्रलचें मोजमाप घेत असतां आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नांवाचा तरुण वास्तुशास्त्रज्ञ उंचावरून पडतां पडतां वांचला. इमारतीवर चढण्याऐवजीं तिचें छायाचित्र घेऊन तेंच मोजावें, ही कल्पना त्यास तेव्हां सुचली. ‘फोटोग्रामेट्री’ हें नांव १८६७ सालीं त्याच्याच लेखामुळें प्रचारांत आलें. आज साधा कॅमेरा व संगणक यांच्या साह्यानें आमच्या विद्यार्थ्यांसही गांवची जुनी वेस अशी मोजतां येईल. प्रश्न भिंगाचा. एकच नाभीय अंतर असणारें प्राइम भिंग घ्यावें, कीं तें कमीजास्त करतां येणारें झूम ?

या विद्येचें मूळ भूमितींतील समरूप त्रिकोणांत आहे. नाभीय अंतर २४ मिलिमीटर असतां १२ मीटरांवरील ५ मीटर रुंद भिंत कॅमेऱ्यांतील पडद्यावर १० मिलिमीटर उमटते. झूमचें कडें नकळत २५ वर सरकलें, व हिशेब मात्र २४ नेंच केला, तर तीच भिंत सुमारें २१ सेंटिमीटर अधिक रुंद ठरते !

संगणक अनेक चित्रें ताडून नाभीय अंतर स्वतः काढतो, असें कोणी म्हणेल. तें खरें, परंतु सर्व चित्रांत तें एकच आहे, असें तो बहुधा धरून चालतो. अंतर ठाऊक नसलें तरी चालतें, मध्येंच बदललें तर चालत नाहीं. झूम भिंगांतील कांचा पुढेंमागें सरकतात. कॅमेरा खालीं वळविला कीं कांहीं भिंगें स्वतःच्या भारानेंही सरकतात. आणि कडेच्या सरळ रेषांना येणारा बांकही त्याबरोबर बदलतो. प्राइम भिंगांत हा उपद्रव पुष्कळ कमी. मात्र तेंही अगदीं निर्दोष नाहीं. ५० मिलिमीटरचें साधें भिंग दूरच्या डोंगरावरून १ मीटरवरील शिलालेखावर जुळविलें, तर पडद्यापासूनचें त्याचें अंतर सुमारें ५२.६ मिलिमीटर होतें. म्हणून जुळणी एकदांच करावी व स्वयंचलित जुळणी बंद ठेवावी.

नवेंच घ्यावयाचें असल्यास आमच्या मतें प्राइम घ्यावें. पण घरीं झूम असेल, तर पालकांजवळ नव्याचा हट्ट धरूं नये. त्याचें कडें एका टोकास नेऊन चिकटपट्टीनें पक्कें करावें, हातांचा कंप सांवरणारी योजना बंद करावी, आणि वस्तु मोठी दिसावयास हवी असल्यास आपणच चार पावलें पुढें जावें. भिंतीलगत एक मोजपट्टीही उभी करावी; कारण नुसत्या चित्रांवरून वेशीचा आकार कळतो, ती किती हात उंच आहे तें कळत नाहीं.