कष्टकऱ्याची वंशावळ



वंशावळ हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे राजवाडे येतात, सरदारांच्या हवेल्या येतात, इनामाच्या सनदा येतात. कष्टकऱ्याला वंश असतो, पण वंशावळ नसते, अशी एक समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. आज आम्ही जे सांगणार आहोत ते या समजुतीच्या विरुद्ध आहे. उभा मारुती चौकापासून रंकाळ्यापर्यंत आपल्या पेठेत जी घरे आहेत, त्यांतील पुष्कळ घरांच्या तीन-चार पिढ्या कागदावर सापडू शकतात. मात्र ते कागद कोठे आहेत आणि ते वाचायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील बाकावर. इतिहासाशी आमचा संबंध आला तो कामगार वारल्यानंतर. कामगार जाण्याचा अवकाश, की त्याची ग्रॅच्युइटी, त्याचा फंड, त्याच्या हक्काचे घर यांसाठी प्रश्न उभा राहतो : वारस कोण? आणि त्याचे उत्तर आठवणीने देऊन भागत नाही, कागदाने द्यावे लागते.

मुंबईच्या गिरणी कामगारांचेच पाहा. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या भागांतून हजारो माणसे परळ-लालबागेत गेली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतली कितीतरी रिकाम्या हाताने गावी परतली. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले आणि 2012 पासून सोडती निघू लागल्या, तेव्हा वारसांना तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, फंडाचा क्रमांक यांचा शोध घ्यावा लागला. अशीच एक बाई आमच्याकडे आली होती. गिरणीच्या हजेरीपत्रकात तिच्या वडिलांचे नाव होते, त्यांच्या बापाचे नाव होते, आडनाव नव्हते. गावच्या कागदांत आडनाव होते, पण हा माणूस मुंबईला गेला याचा मागमूस नव्हता. दोहोंचा सांधा जुळला तो गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात. नाव कमी केल्याच्या कारणापुढे मास्तरांनी दोनच शब्द लिहिले होते : 'मुंबईस गेला'. तेवढ्यावर अर्ज उभा राहिला.

शाळेचे हे रजिस्टर म्हणजे गरिबाच्या वंशावळीचा कणा होय. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यामुळे ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, अशा मजुराच्या पोराचेही नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख शाळेच्या दप्तरात येऊ लागली. (जन्मतारीख पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने ठोकलेली असे. 1 जून ही तारीख दिसली की समजावे.) आज जातपडताळणीसाठी पुरावा मागतात तो अनुसूचित जातींच्या बाबतीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांच्या बाबतीत 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा; सोबत वंशावळीचे शपथपत्र. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला हा नातवाच्या कॉलेजप्रवेशाचा प्रश्न होऊन बसतो.

दुसरे दप्तर महसुलाचे. सातबारा सर्वांना ठाऊक असतो, परंतु घराण्याचा शोध घ्यायचा तर फेरफार पाहावा. त्यात कोण कधी मयत झाला, मागे कोण राहिले, कोणाचे नाव लागले, हे क्रमाने येते. वारसांची निराळी नोंदवही असते, ती गाव नमुना 6-क. गावच्या जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर म्हणजे नमुना 14. बोलीत त्याला कोतवाल बुक म्हणतात. वतनदारांपुरते बोलायचे तर वतनाच्या कागदांतही पिढ्या सापडतात, आणि वतनदार म्हणजे पाटील-कुळकर्णीच नव्हेत. महारवतनाच्या कागदांतही घराणी आहेत. या कागदांची एक स्वतंत्र भाषा आहे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' दिसले तर ते आडनाव समजू नये. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोरक्या अल्पवयीन वारसाचा सांभाळ करणारा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरे ज्याला कळली नाहीत तो चुलत्याला एकटा मालक समजून भांडायला उठतो, आणि घरात उगाच कोर्ट शिरते.

यापेक्षा मागे जायचे तर मोडी आली. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचे कित्येक जुने कागद मोडीत आहेत, आणि ते येथील पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत. मोडी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचे, अशी ही घाईच्या कामाची लिपी आहे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्द तोडलेले नाहीत. म्हणून प्रथम सगळा पट गुंतलेल्या दोऱ्यासारखा दिसतो. रोज तासभर बसले तर महिना-दीड महिन्यात अक्षर सुटू लागते. बारकाईने वाचायला अर्थात वर्षे जातात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि दप्तरांचे गठ्ठे सुटले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड साऱ्या राज्याला भासली. आजोबा जी लिपी सहज लिहीत होते ती वाचायला नातवाला माणूस शोधावा लागला. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग वेळोवेळी भरतात. तेथे निवृत्त माणसे पुष्कळ दिसतात. तरुण कामगारांनीही जावे.

जुन्या कागदातील तारखेची मौज सांगतो. तेथे शुहूर सन असतो आणि आकडा अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने लिहिलेला असतो. 'सलास सबैन मया व अलफ' हे वाचून माणूस घाबरतो. सलास म्हणजे 3, सबैन म्हणजे 70, मया म्हणजे 100, अलफ म्हणजे 1000. बेरीज 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1772-73 निघतो. हे वर्ष मृग नक्षत्रावर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, सुरू होते, म्हणून दोन आकडे. शेतकऱ्याला हा हिशेब पंडितापेक्षा लवकर पटतो.

आता कागद ज्यांच्या काखेत असतो त्यांच्याविषयी. आपल्याकडे आणि बेळगावकडच्या मुलुखात हेळवी येतात. कानडीत 'हेळु' म्हणजे सांगणे. सुगी झाली की हेळवी गावात येतो, त्याच्या वाट्याच्या घराण्यांच्या दारी बसतो आणि पिढ्या वाचून दाखवतो : मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणती शाखा फुटून कोठे गेली. मागल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावे वहीत चढवतो, धान्य, कापड, पैसा घेतो आणि पुढच्या गावाला जातो. पूर्वी हे लोक बैलावरून येत. ज्या समाजाला आपण मागते म्हणून हिणवतो, त्याने शेतकऱ्यांच्या पिढ्या सांभाळल्या, आणि त्याची स्वतःची वंशावळ कोणी लिहिली असेल असे आम्हांस वाटत नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही अशाच वह्या आहेत. तेथे गाव आणि आडनाव सांगितले की पणजोबांची स्वतःच्या हातची सही, किंवा अंगठा, पुढे येतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा बह्यांचे चित्रण अमेरिकेतील युटाच्या वंशशास्त्र संस्थेने केले. सात समुद्रापलीकडच्या माणसांना त्यांचे मोल कळले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हेळव्याच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? नाही. यजमान खूष तर दक्षिणा बरी, हे त्यालाही कळते. शाळेचा दाखला, फेरफार आणि वही या तिघांत जे जुळते ते धरावे, बाकीचे पेन्सिलीने लिहावे. घराण्याचा शोध सुरू झाला की प्रत्येकाला कोठून तरी एक सरदार सापडतो, हा अनुभव आहे. दुष्काळात गाव सोडून आलेला, सावकाराच्या खतावर अंगठा उठवणारा पूर्वज कोणालाच नको असतो. आम्हांला तर तोच अधिक जवळचा वाटतो.

आणि या साऱ्या वंशावळींत मोठी खोट आहे : बाया नाहीत. मुलगी जन्मली तिची नोंद नाही, सून आली तिचे माहेर नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावणे आले आहे. मागल्या पिढ्यांचे काय? त्यासाठी म्हाताऱ्यांपाशी बसले पाहिजे. जात्यावरच्या ओव्यांत भावाचे, माहेरच्या गावाचे नाव सापडते. लग्नपत्रिकेत सापडते. आहेरातल्या पितळी-स्टीलच्या भांड्यावर टोचलेल्या अक्षरांत, तारखेसकट सापडते. मांडणीवरचा तांब्या हाही दस्तऐवज आहे.

म्हणून आमची सूचना अशी की पेठेतील तालमींनी आणि मंडळांनी उन्हाळ्यात तीन रविवारांचे शिबिर भरवावे. पहिल्या रविवारी प्रत्येकाने घरातील सर्वांत वृद्ध माणसाला घेऊन यावे, शाळेचे दाखले, जुनी रेशनकार्डे, भांडी, फोटो आणावेत आणि नुसते लिहून घ्यावे. फोटोच्या मागे नावे पेन्सिलीने त्याच दिवशी लिहावीत. दुसऱ्या रविवारी मोडीची अक्षरे आणि फेरफार वाचण्याची रीत. तिसऱ्या रविवारपर्यंत कोणत्या गावची, कोणत्या सालची, कोणत्या नमुन्याची नक्कल हवी याची यादी तयार असावी, म्हणजे कचेरीत हेलपाटे कमी होतील. नावापुढे ते कोठून मिळाले हे लिहावेच. अस्सल कागद कोणाच्या हाती देऊ नये. मोबाईलवर छायाचित्र घेऊन दोन ठिकाणी ठेवावे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत नदीकाठच्या गावांतील किती पेट्या भिजल्या हे आपण पाहिले आहे. युनियनच्या मंडळींना आणखी एक काम : कारखाना बंद पडला की पहिल्या आठवड्यात हजेरीबुके ताब्यात मागावीत. एका बंद कारखान्याची वीस वर्षांची बुके किलोवर रद्दीत गेलेली आम्ही पाहिली. त्यातल्या माणसांच्या नोकरीचा दुसरा पुरावा उरला नाही.

हेळवी सुगीनंतर आला तर त्याला दारातूनच शेरभर धान्य देऊन वाटेला लावू नका. आत बसवा, चहा द्या, वही उघडायला सांगा आणि लेकीसुनांची नावे घालायला लावा. तो प्रथम कुरकुरेल; वहीत तसा रिवाज नाही म्हणेल. बिदागी थोडी वाढवावी लागेल.