फ्लॉपीची खाच ते तीस बिटकॉइन

सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असायची. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपी वाचता यायची, तिच्यावर लिहिता मात्र यायचं नाही. विद्यापीठांतले संगणक व्हायरसपासून वाचवण्याच्या लढाईतलं सुरुवातीचं हत्यार म्हणजे ही नखाएवढी पट्टी. आपल्याकडे त्याच सुमारास कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढायला लावत. कारण धुळीचं असे. पण व्हायरस चपलांतून येतो असं मनापासून मानणारेही लोक होते, आणि त्यांना हसणाऱ्यांनाही तो नेमका कुठून येतो हे फारसं ठाऊक नव्हतं.

1987च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात, लॅबमधून नेलेल्या फ्लॉप्या मुलं ‘खराब आहे’ म्हणून परत आणू लागली. फ्लॉप्या खराब व्हायच्याच, पण इतक्या? लॅबमध्ये मदतीला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी शोध घेतला, तेव्हा ‘कमांड डॉट कॉम’ या फाइलची तारीख बदललेली सापडली. आकार जसाच्या तसा, कारण व्हायरस फाइलच्या आतल्या मोकळ्या जागेत दडून बसला होता. चार प्रती झाल्या की तो डिस्क निकामी करायचा. ही घाईच त्याला नडली. यजमानाला इतक्या लवकर मारणारा पाहुणा दुसऱ्या गावी पोचणार कसा? लीहायबाहेर तो फारसा गेलाच नाही.

विद्यापीठ हे व्हायरसचं माहेरच म्हणायला हवं. 1983 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम दुसऱ्यात कसा घुसतो हे प्रयोग करून दाखवलं. ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं त्याच्या प्राध्यापकाने, लेन ॲडलमन यांनी. यंत्रणा इतक्या सहज ताब्यात आली, की पुढच्या प्रयोगांना परवानगी मिळेना.

खरी परीक्षा झाली 2 नोव्हेंबर 1988च्या रात्री. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिसने आपला प्रोग्राम एमआयटीतल्या एका संगणकावरून सोडला. काटेकोर बोलायचं तर हा व्हायरस नव्हे, ‘वर्म’: कुणाची फ्लॉपी नको, कुणी काही उघडायलाही नको, नेटवर्कवरून आपला आपण सरकत जाणारा. ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक चोरवाट राहून गेली होती, तिथून तो शिरायचा. ‘फिंगर’ नावाच्या, कोण लॉगिन आहे ते सांगणाऱ्या निरुपद्रवी सेवेतूनही शिरायचा. सोबत 432 शब्दांची यादी होती; तिच्यातले शब्द पासवर्ड म्हणून लावून पाहायचा. शिवाय एकमेकांवर विश्वास ठेवून पासवर्ड न विचारणाऱ्या यंत्रांच्या जोड्या होत्याच. विद्यापीठांची ती रीतच होती, आणि मला आजही ती चूक वाटत नाही. दार वाजवल्याशिवाय शेजारच्या घरात जाता यावं, याचसाठी ते नेटवर्क उभं केलं होतं.

मॉरिसचं गणित एका ठिकाणी फसलं. यंत्रावर आधीच एक प्रत असेल तर नवीने गप मरावं, असं त्याने ठरवलं होतं. पण एखादा हुशार प्रशासक ‘आहे, आहे’ असं खोटंच सांगेल या भीतीने त्याने सातातल्या एका वेळी तरीही तग धरायची सोय ठेवली. सातातली एक हे प्रमाण फार मोठं निघालं. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती साचल्या, यंत्रं हळूहळू रांगू लागली, मग आडवी झाली. बंद करून चालू केलं तरी शेजारून पुन्हा लागण. सहा हजार यंत्रं बाधित झाल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो; तेव्हा सारं इंटरनेटच साठेक हजार यंत्रांचं होतं.

रात्रभर जागून बर्कली, एमआयटी, पर्ड्यू इथल्या मंडळींनी वर्मची चिरफाड केली. सकाळपर्यंत बर्कलीहून उतारा निघालाही. पण तो पोचवायचा कसा? घाबरलेल्या कितीतरी संस्थांनी नेटवर्कची तारच काढून टाकली होती, आणि उतारा येणार होता त्याच तारेवरून. मॉरिसच्या एका मित्राने निनावी माफीसह उपाय सांगणारा निरोप धाडला, तोही कोंडीत अडकला आणि वेळेत कुणाच्या हाती लागला नाही. शेवटी लोकांनी फोन उचलले.

मॉरिसचे वडील अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ होते, हा तपशील कादंबरीत घातला असता तर संपादकाने खोडला असता. मुलाला 1990मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षं प्रोबेशन, 400 तास समाजसेवा, 10,050 डॉलर दंड. पुढे तो प्राध्यापक झाला, आणि तोही एमआयटीतच. त्या रात्रीनंतर काही आठवड्यांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे मदतकेंद्र उभं राहिलं. पुढच्या वेळी कुणाला फोन करायचा, हा प्रश्न निदान मिटला.

आपल्याकडे तेव्हा रोग फ्लॉपीवरूनच फिरत होता. 1990मध्ये भारतातून नोंदला गेलेला ‘जोशी’ 5 जानेवारीला पडदा अडवून बसायचा. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय सुटका नाही. हा जोशी कोण, हे कोडंच राहिलं. पुण्यात काटकर बंधूंपैकी कैलास यंत्रं दुरुस्त करत आणि संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतल्या व्हायरसांवर उपाय शोधता शोधता ‘क्विक हील’ तयार झालं.

नव्वदीनंतर फायरवॉल आली आणि विद्यापीठांनी वेशीवर पहारा बसवला. तो किती पोकळ होता, हे 2003च्या ऑगस्टने दाखवलं. 11 तारखेला ‘ब्लास्टर’ सुटला. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिलं होतं, पण सुट्टीत घरी गेलेल्या मुलांनी ते लावायचं कशाला? महिनाअखेरीस मुलं वसतिगृहांत परतली, ती लागण झालेले संगणक घेऊनच, थेट पहाऱ्याच्या आत. ठिगळ उतरवायला नेटवर्कवर जावं, तर नेटवर्कवर जाताक्षणी लागण. म्हणून अनेक विद्यापीठांनी सीडी वाटल्या, आणि संगणक साफ झाल्याची खात्री होईपर्यंत जोडणी नाकारली. दरम्यान कुणीतरी ब्लास्टरला हुसकावून ठिगळ लावणारा ‘वेल्चिया’ सोडला. परोपकारी वर्म! त्याने नवी यंत्रं शोधताना इतकी वर्दळ केली की उरलीसुरली नेटवर्कंही गुदमरली.

माझ्या मते विद्यापीठातला जुना शेजारधर्म त्या ऑगस्टमध्ये संपला. आधी नाव नोंदवा, तपासणी करा, मगच आत या.

तरीही 2019च्या ऑक्टोबरात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात एका फसव्या ईमेलमधल्या दुव्यावर कुणीतरी क्लिक केलं. हल्लेखोर दोन महिने आत हिंडत राहिले. काही सर्व्हरना ठिगळं नव्हती, आतल्या भिंती कच्च्या होत्या. 23 डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, 267 सर्व्हर कुलूपबंद झाले. बॅकअपच्या काही प्रतीही त्याच नेटवर्कवर असल्याने त्यांच्यासकट. परीक्षा आणि प्रबंध तोंडावर होते. 30 डिसेंबरला विद्यापीठाने 30 बिटकॉइन मोजले, म्हणजे सुमारे दोन लाख युरो. फेब्रुवारीत त्यांनी स्वतःचं सारं चुकलेलं जाहीर सभेत मांडलं. खंडणी देण्याबद्दल वाद घालता येईल. हे मांडायला मात्र धाडस लागतं.

त्या रकमेचा एक भाग पोलिसांना युक्रेनमधल्या एकाच्या खात्यात सापडला आणि 2020मध्ये गोठवला गेला. तेव्हा त्याची किंमत चाळीसेक हजार युरो होती. 2022पर्यंत बिटकॉइनचा भाव इतका चढला, की तेवढ्याच तुकड्याचे सुमारे पाच लाख युरो झाले. विद्यापीठाचं एकूण नुकसान त्याहून मोठं होतं, पण परत मिळणारे हे पैसे त्या हिशेबात वळते करून घ्यायचे नाहीत असं ठरलं. ते अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत टाकायचे.