चित्रावर चित्र

इ. स. १९१९ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट पडद्यावर आला. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली आहे. पटाच्या आरंभी प्रेक्षकांना नेहमीच्या रूपातील मंदाकिनी दिसते. मग ते रूप हळूहळू विरत जाते आणि त्याच जागी कृष्णाचे रूप उमटू लागते. मध्ये एक क्षण असा येतो, की दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून गेलेली असतात.

एका चित्रावर दुसरे चित्र बसविण्याची त्या काळची रीत मोठी कष्टाची होती. एक दृश्य टिपून झाले, की फिल्म कॅमेऱ्यातच उलटी गुंडाळावयाची आणि तिच्या त्याच भागावर दुसरे दृश्य टिपावयाचे. दोन चित्रे शेजारी शेजारी हवी असतील, तर दुसऱ्या चित्राची जागा पहिल्या खेपेस काळी ठेवावी लागे. कारण काळ्या पडद्याकडून प्रकाश जवळजवळ येतच नाही, आणि प्रकाश न पडलेली फिल्म कोरी राहते. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी १९०० साली याच युक्तीने स्वतःची सात रूपे करून पडद्यावर सात वादकांचा ताफा बसविला. शेवटच्या खेपेस हात चुकला असता, तर आधीचे सगळे श्रम मातीमोल झाले असते! पाटीवरील रेघ पुसता येते. फिल्मवर एकदा पडलेला प्रकाश पुसता येत नाही.

आज हेच काम हातातील मोबाईलवर होते. ते सोपे झाले हे खरेच; परंतु त्याहून महत्त्वाचा फरक असा, की येथे प्रत्येक चित्र शेवटपर्यंत वेगळे राहते. समजा, काही मुलांना राजगडाची माहिती देणारा व्हिडिओ करावयाचा आहे. बालेकिल्ल्याचे चित्रण हा झाला सर्वांत तळचा थर. माहिती सांगणारी मुलगी हा दुसरा थर आणि ‘सुवेळा माची’, ‘संजीवनी माची’ ही अक्षरे हा तिसरा. काईनमास्टरसारख्या संकलनाच्या अ‍ॅपमध्ये अशा थरास ‘लेअर’ म्हणतात. काचेच्या तावदानांवर वेगवेगळी चित्रे काढून ती एकावर एक ठेवावीत आणि वरून पाहावे, तसाच हा प्रकार होय. अक्षरांचे तावदान मुलीच्या तावदानाखाली गेले, तर अक्षरे तिच्या पाठीमागे दडतील. म्हणून कोणता थर किती वेळ दिसावा हे जसे ठरवावे लागते, तसेच कोणता थर कोणाच्या वर असावा हेही ठरवावे लागते.

वरचे तावदान अर्धवट पारदर्शकही करता येते. हे निव्वळ गणित आहे. मोबाईलवरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि ठिपक्याची उजळता बहुधा ० पासून २५५ पर्यंतच्या अंकांनी सांगतात. वरच्या थरातील ठिपका २०० व खालचा १०० असेल, आणि वरचा थर ४० टक्केच दिसावा असे ठरविले असेल, तर २०० चे ४० टक्के म्हणजे ८० व १०० चे ६० टक्के म्हणजे ६०, असे मिळून १४० उजळतेचा ठिपका पडद्यावर येतो. मंदाकिनीचे रूप विरून कृष्णाचे रूप उमटते, तसे दृश्य आता एवढ्याशा बेरजेने साधते. मात्र ही बेरीज थोडीथोडकी नव्हे. १९२० गुणिले १०८० आकाराच्या एका चौकटीत २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला अशा ३० चौकटी सरकतात. थर वाढू लागले, की साधा मोबाईल तापतो आणि अडखळतो, त्याचे कारण हेच.

आता प्रश्न उरतो तो मुलीभोवतीची भिंत घालवून तेथे राजगड कसा दिसावा हा. त्यासाठी तिच्या मागे हिरवे कापड लावतात व अ‍ॅपला सांगतात, की जो जो ठिपका असा हिरवा असेल, तो तो पारदर्शक कर. मेलिएस यांचा काळा पडदा येथे हिरवा झाला, एवढेच! माणसाच्या कातडीत व केसांत असा गडद हिरवा रंग नसतो, म्हणून चेहरा शाबूत राहतो. परंतु मुलीने हातांत हिरव्या बांगड्या भरल्या असतील, तर मनगटाच्या जागी थेट बुरूज दिसू लागेल. कापडाला सुरकुत्या असल्या, तर सुरकुतीतील हिरवा अधिक काळपट दिसतो आणि तेथे डाग उरतात. मुलीने कापडापासून चार-पाच हात पुढे उभे राहावे, म्हणजे तिची सावली कापडावर पडत नाही. गंमत अशी, की मोबाईलवर बोट फिरवून तासभर केलेली दुरुस्ती जे साधत नाही, ते कापड नीट ताणून बांधल्याने साधते.

काम पुरे झाले, की व्हिडिओ ‘एक्सपोर्ट’ करतात. त्या वेळी सारे थर वितळून त्यांची एकच चित्रफीत तयार होते. पोळीची कणीक एकदा मळली, की तीतून पीठ व पाणी पुन्हा वेगळे काढता येत नाही. तसेच या चित्रफितीचे होते. ‘सुवेळा’ या शब्दातील उकार चुकल्याचे नंतर ध्यानात आले आणि थरांचा मूळ प्रकल्प मोबाईलमधून पुसून टाकलेला असला, तर पुन्हा आरंभापासून बसावे लागते. जाणते संकलक म्हणूनच प्रकल्प लगेच पुसत नाहीत.

याची दुसरी बाजू पाहणाऱ्याची आहे. त्याच्या हाती येते ती वितळून एक झालेली चित्रफीत. मुलगी खरोखर गडावर गेली होती, की घराच्या ओसरीत हिरव्या कापडापुढे उभी होती, हे ती चित्रफीत आपण होऊन सांगत नाही. गडाची माहिती देताना त्याने काही बिघडत नाही. पण एखादा मनुष्य जेथे नव्हताच, तेथे तो होता असे दाखविण्यासही हीच रीत उपयोगी पडते, आणि तेथे कोणाच्या तरी नावाला बट्टा लागू शकतो. अशा वेळी डोळस प्रेक्षक चेहऱ्याकडे न पाहता प्रकाशाकडे पाहतो. केसांच्या कडेला हिरवट झाक आहे काय? पाय जमिनीला टेकले आहेत, की किंचित तरंगत आहेत? बुरुजावर ऊन डावीकडून पडले आहे आणि मुलीचा चेहरा उजवीकडून उजळला आहे, असे तर नाही ना? थर कितीही सफाईने बसविले, तरी दोन ठिकाणचे ऊन एका दिशेने आणणे फार थोड्यांना जमते.