पऱ्हाटीचे नाताळ-झाड

नाताळ जवळ आला की बाजारात हिरव्या प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडे दिसू लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील बालकाने असे झाड प्रत्यक्षात क्वचितच पाहिलेले असते. त्याच्या ओळखीचे आहेत साग, पळस, मोह आणि गावाभोवतीची कपाशी. घरातील लहानग्यांसोबत झाड करावयाचे, तर ते ह्यांतूनच करावे, असे आम्ही पालकांस सुचवितो.

वेचणी आटोपलेल्या शेतातील पऱ्हाटी ह्या कामी उत्तम. तिच्या फांद्या चोहीकडे फुटलेल्या असतात आणि बोंडांची रिकामी टरफले चार-पाच पाकळ्यांच्या फुलांसारखी दिसतात. माती भरलेल्या कुंडीत ती रोवावी, टरफले मुलांकडून रंगवून घ्यावीत.

मात्र येथे सावधगिरी हवी. २०१७ साली ह्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. म्हणून नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील पऱ्हाटी घेऊ नये. मोठ्यांनीच ती आणावी, धुऊन उन्हात वाळवावी. काम संपताच मुलांचे हात साबणाने धुवावेत. औषधाचा रिकामा डबा कुंडी म्हणून तर मुळीच वापरू नये. किडक्या, न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते व पुढील हंगामात पिकावर येते. अशी बोंडे आधीच तोडून जाळावीत आणि सणानंतर पऱ्हाटी अंगणात पडू देऊ नये.

अगदी लहान मुलांसाठी साग बरा. गळलेल्या पानाची खालची बाजू वर करून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि मेणखडू आडवा घासावा. मधली शीर खोडासारखी, बाजूच्या शिरा फांद्यांसारख्या उमटतात. एका पानातच अख्खे झाड! पालवीच्या दिवसांत सागाचे कोवळे पान चुरडले की बोटे लाल होतात, हे मात्र मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. पळसाला पाने तीनच, हेही त्यांनी डहाळी हाती घेऊन मोजावे.

पाने गळलेलीच वेचावीत, साल सोलू नये. टिपेश्वर व पैनगंगा ह्या अभयारण्यांतून काहीच आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तेथे लागू आहे. आणलेली पाने दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत दाबून ठेवल्यास सुरकुतत नाहीत.