जठराला वळसा आणि रक्तातील साखर

मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. या ग्रंथीतून स्रवणारे इन्शुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की रक्तातील साखर वाढते. मग जठरावर शस्त्रक्रिया केल्याने ही साखर उतरेल का?

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी अतिस्थूल रुग्णांसाठी एक नवी शस्त्रक्रिया सुरू केली. जठराचा वरचा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडायचा. पुढे सुधारलेल्या पद्धतीत ही पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच ठेवू लागले. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग यांना वळसा घालून अन्न पुढे जाते. गावाबाहेरून काढलेल्या रस्त्यासारखा हा ‘बायपास’!

हेतू होता वजन घटवण्याचा. पण घडले त्याहून अधिक. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील वॉल्टर पोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ वर्षांत अशा ६०८ शस्त्रक्रिया केल्या. १९९५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रुग्णांतील १४६ जणांना मधुमेह होता; त्यांपैकी १२१ जणांची साखर स्वाभाविक पातळीवर आली व तशीच राहिली. नवल म्हणजे, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, साखर उतरू लागे.

असे का व्हावे? एक तर, शस्त्रक्रियेनंतर आहार एकदम घटतो आणि यकृतावरचा भार हलका होतो. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते. तेथील पेशी ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला सांगते, “इन्शुलिन सोड”. मेंदूला सांगते, “पोट भरले”. म्हणजे आतडे अन्न पचवते, तसे निरोपही धाडते! या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे आता मधुमेह व स्थूलता या दोन्हींवर वापरली जातात.

वजन उतरले की रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे हे त्रासही बहुधा कमी होतात. मात्र ही जादूची कांडी नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात निरनिराळ्या पद्धतींनी शस्त्रक्रिया केलेल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहमुक्त दिसले. दहा वर्षांनी ३६ टक्केच. बायपासनंतर लोह, ब-१२ यांसारखी पूरके जन्मभर घ्यावी लागतात. म्हणून स्थूल रुग्णांचाच, तोही पूर्ण तपासणीनंतर, डॉक्टर यासाठी विचार करतात.

वर्गातल्या एखाद्या लठ्ठ मुलाला “खादाड” म्हणून चिडवण्यापूर्वी एवढे आठवा : भूक कधी लागावी आणि कधी भागावी, हे ठरवण्यात या अदृश्य निरोप्यांचाही मोठा वाटा असतो.